इचलकरंजीत ‘आजचा कामगार, उद्याचा मालक’ हे अजून खरं आहे का? (चर्चेतली नावं टोपणनावं आहेत)

वहिफणी: परवा लग्नात एक कारखानदार ऐटीत सांगत होते, “आपल्या गावात गरीब-श्रीमंत असं काही नाही, सगळे मागावरनंच वर आलेत.” १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला. पण माझ्या वडिलांनी उभा जन्म दुसऱ्याचेच माग चालवले. मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर. वीज गेली, बीम (उभ्या सुताचा रूळ) संपलं, की मजुरी थांबली. नुकसान मालकाचंही होतं, पण त्याच्या घरी त्या दिवशी किराणा उधारीवर येत नाही.

आठ माग: मालक मालक काय लावलंय? मी खर्चीवाला. सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच, माझी नुसती मजुरी. तिचं बिल दोन-दोन महिने अडकतं, कामगाराला मात्र आठवड्याला पैसे द्यावेच लागतात. कांडीवाला (धोट्यातल्या कांडीवर आडवं सूत भरणारा) आला नाही की बायको कांड्या भरते. श्रीमंतांतनं माझं नाव काढा.

वहिफणी: काढलं. कामगारांचा पीएफ भरता?

आठ माग: पाच माणसं आहेत. कायद्यात बसत नाही.

गावभाग: तुमचं खरं असेल. पण कायद्यात बसू नये म्हणून एकाच शेडमध्ये बाप, लेक आणि सुनेच्या नावानं तीन कारखाने दाखवणारेही आहेतच की.

रॅपियर: नुसती रड आहे ही. माझे आजोबा कामगार म्हणूनच आले. ओव्हरटाइम केला, पतसंस्थेचं कर्ज काढून दोन जुने माग घेतले. आज आमचे बारा रॅपियर (बिनधोट्याचे आधुनिक माग) आहेत. कुणी आयतं दिलं नाही. आता पगार झाला की संध्याकाळी कामगार कुठं सापडतात, तेही लिहा.

वहिफणी: बारा तास उभं राहून बघा, मग दारूवर बोलू. आजोबांच्या कष्टाबद्दल वाद नाही. पण त्यांना जुना माग परवडला. तुमचा एक रॅपियर लाखांत जातो. आजच्या कामगारानं सुरुवात कशानं करायची? साधा माग घ्यावा, तर ते भंगारात निघालेत.

रॅपियर: ज्याला करायचं तो करतो.

गावभाग: आणि बिहार-ओडिशाची पोरं? खोलीत आठ-दहा जण, दिवसपाळीवाला उठला की त्याच जागी रातपाळीवाला झोपतो. ती कधी मालक होणार?

वहिफणी: आठ माग, तुमचा मुलगा कारखाना बघतोय का?

आठ माग: नाही. कागलच्या एमआयडीसीत लागलाय. कंत्राटीवर.