मदत हवी: कॅमेरा फिरवला की कोपऱ्यातले तारे अंडाकृती, अंतर तर बरोबर ५५ मिमी आहे

पुनर्वसू७:
शनिवारी अमावस्या आहे, कृपया लवकर सांगा. देवयानी दीर्घिका चौकटीत नीट बसावी म्हणून कॅमेरा थोडा फिरवतो. फिरवला की कोपऱ्यांतले तारे अंड्यासारखे, उजव्या खालच्या कोपऱ्यात जास्तच. मधले तारे गोल. फ्लॅटनरपासून (कोपऱ्यांपर्यंत तारे गोल ठेवणारं, दुर्बिणीमागे लावायचं भिंग) सेन्सरपर्यंत ५५ मिमी आहे, दोनदा तपासलंय. अंतर वाढवू की कमी करू?

ध्रुवपाद:
दुर्बीण कोणती, कॅमेरा कोणता, मधे फिल्टर आहे का आणि कॅमेरा नेमका कुठल्या सांध्यातून फिरवता? अंड्याची लांब बाजू केंद्राकडे रोखलेली आहे की केंद्राभोवती गोल फिरल्यासारखी?

सह्यकडा:
पोलर अलाइनमेंट (माउंटचा, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीचा, अक्ष ध्रुवाकडे रोखणं) चुकलंय. महाराष्ट्रातून ध्रुवतारा जेमतेम १६ ते २२ अंशांवर, क्षितिजाजवळच्या धुरकट हवेत. तिथून सुरुवात करा. गायडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल दुरुस्त करणं) कितीही चांगलं असलं तरी फील्ड रोटेशन, म्हणजे चौकट हळूहळू फिरणं, येतंच.

त्रिज्या:
@सह्यकडा, ते तपासणं सोपं आहे. ५ सेकंदांचा एकच फोटो घ्या. फील्ड रोटेशन असेल तर ५ सेकंदांत तारे गोल दिसतील आणि ५ मिनिटांत लांबतील. ५ सेकंदांतही अंडीच दिसली तर दोष प्रकाशमार्गात आहे, माउंटमध्ये नाही.

पुनर्वसू७:
५ सेकंदांतही तसंच. ७२ मिमी डबलेट (दोन भिंगांची दुर्बीण), एफ/६ (फोकल लांबी व्यासाच्या सहापट), कॅमेरा एएसआय २६००एमसी प्रो. फ्लॅटनर १एक्स (प्रतिमा लहान-मोठी न करणारा) आहे, खोक्यावर ५५ लिहिलंय. कॅमेऱ्याचे १७.५, मग २१ ची आणि १६.५ ची रिंग. तारे केंद्राकडे रोखलेले. वाढवू की कमी, एवढंच सांगा ना.

रातकिडा:
एवढी मेहनत कशाला? प्रोसेसिंगमध्ये तारे गोल करणारी प्लगइन्स आहेत, दोन मिनिटांचं काम. किंवा पुढची दुर्बीण पेट्झवाल (फ्लॅटनरचं काम करणारी भिंगं आतच असलेली) घ्या, अंतराचा प्रश्नच मिटतो.

त्रिज्या:
प्लगइन थोडा दोष झाकतं. कोपऱ्यात तारा पसरला की मंद ताऱ्यांचा प्रकाश पार्श्वभूमीत विरघळतो, तो परत येत नाही. पेट्झवालमध्ये अंतराची अट सैल असते, पण सेन्सरचा तिरपेपणा तिथेही तितकाच दिसतो.

ध्रुवपाद:
फिल्टरचं आणि सांध्याचं उत्तर अजून आलं नाही.

पुनर्वसू७:
फिल्टर आहे, २ इंची ड्युअल बँड (प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आत येऊ देणारा), २१ च्या रिंगच्या जागी तेवढ्याच जाडीचा ड्रॉवर (फिल्टर सरकवून बसवायचा कप्पा). त्याने काय फरक पडतो? आणि कॅमेरा फिरवतो म्हणजे १६.५ ची रिंग जिथे कॅमेऱ्याला लागते ती थोडी सैल करतो, साधारण एक तृतीयांश फेरा.

ध्रुवपाद:
दोन्ही दोष इथेच आहेत.

पहिला फिल्टरचा. काच फोकस मागे ढकलते, काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. २ मिमी काच असेल तर सुमारे ०.७ मिमी. म्हणजे यांत्रिक अंतर ५५.७ हवं, तुमचं ५५.० आहे. सेन्सर जवळ पडतोय आणि बहुतेक फ्लॅटनरमध्ये जवळ पडला की तारे केंद्राकडे रोखलेले दिसतात. वाढवा.

दुसरा आट्यांचा. एम४२ आणि एम४८ (४२ आणि ४८ मिमी व्यासाच्या आट्या) दोन्हींचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात सरकणारं अंतर, ०.७५ मिमी. एक तृतीयांश फेरा सोडला की अंतर ०.२५ ने वाढतं, पण सांधा खांद्याला (आट्या संपतात तिथल्या सपाट कडेला) टेकत नाही. कॅमेरा वजनाने लोंबतो आणि सेन्सर तिरपा होतो. एकच कोपरा जास्त बिघडतो तो यामुळे.

त्रिज्या:
"रोखलेले म्हणजे जवळ" हा नियम सगळ्या फ्लॅटनरना लागू नाही. आणि काही १एक्स फ्लॅटनरचं योग्य अंतर दुर्बिणीच्या फोकल लांबीनुसार बदलतं, खोक्यावरचा एक आकडा पुरत नाही. आधी ०.५ मिमी जाडीची चकती (अंतर वाढवणारी पातळ रिंग) सांध्यात टाका, पुन्हा फोकस करा, चारही कोपरे बघा. बिघडले तर उलट दिशेला जा.

ध्रुवपाद:
मान्य. पण इथे फिल्टरचं गणित आणि ताऱ्यांचा आकार एकाच दिशेला बोट दाखवतायत. ०.५ आणि ०.२ च्या चकत्या टाका, सगळे सांधे खांद्यापर्यंत घट्ट करा. चकत्या कडक प्लास्टिकच्या किंवा धातूच्या घ्या, कागदाच्या दबतात. ड्रॉवरची जाडीही कॅलिपरने मोजा, वेष्टनावर विश्वास नको.

चित्रा_नक्षत्र:
कोनही चकत्यांनीच बसवता येतो. ०.१ मिमीची चकती घट्ट बसण्याची जागा ४८ अंशांनी सरकवते. कॅमेरा फिरवणाऱ्या रोटेटरचा खर्च वाचतो.

त्रिज्या:
कोनासाठी अंतर बिघडवायचं? अजिबात नको. फोकसरच्या (फोकस करणाऱ्या सरकत्या भागाच्या) टोकाला बहुतेकदा फिरणारी कॉलर असते, ती फ्लॅटनरच्या आधी येते. तिथे फिरवलं की फ्लॅटनर, ड्रॉवर, कॅमेरा सगळं एकत्र फिरतं आणि ५५.७ ला धक्काही लागत नाही.

पुनर्वसू७:
कॉलर आहे, स्क्रू असलेली. ती कशासाठी असते ते माहीतच नव्हतं. पण कोन किती ठेवू?

ध्रुवपाद:
तुमची चौकट सुमारे ३.१ × २.१ अंशांची. देवयानी साधारण ३ अंश लांब, तिचा अक्ष उत्तरेकडून पूर्वेला सुमारे ३५ अंश कललेला. लांब बाजूवर घट्ट बसते, किंचित कर्णाकडे वळवलीत तर मोकळी बसेल. नीना या सॉफ्टवेअरच्या फ्रेमिंगमध्ये चौकट डोळ्यांनी लावा, मग छोटा फोटो, प्लेट सॉल्व्ह (फोटोतल्या ताऱ्यांवरून दिशा आणि कोन काढणं), कॉलर फिरवा, पुन्हा सॉल्व्ह. २ अंशांच्या आत आलं की थांबा. १८० चा फरक दाखवला तर चौकट तीच आहे. स्क्रू घट्ट केल्यावर फोकस पुन्हा करा.

सह्यकडा:
दवासाठी हीटर पट्टी न्या, या दिवसांत भिंग मध्यरात्रीआधीच ओलं होतं.

पुनर्वसू७:
०.७ टाकलं, सगळं घट्ट केलं. तीन कोपरे गोल! उजवा खालचा अजून थोडा लांबट.

त्रिज्या:
कॉलर १८० अंश फिरवून त्याच भागाचा फोटो घ्या. दोष फोटोच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर तो कॉलरच्या मागच्या भागात आहे, म्हणजे फ्लॅटनर, ड्रॉवर किंवा सेन्सर. कॅमेऱ्याच्या टिल्ट प्लेटचे (सेन्सरचा तिरपेपणा काढणाऱ्या पट्टीचे) स्क्रू तेव्हाच हलवा, एका वेळी पाव फेऱ्याहून कमी. समोरच्या कोपऱ्यात गेला तर फोकसरचं ड्रॉट्यूब (आतबाहेर सरकणारी नळी) लोंबतंय, त्याचा ताण वाढवा.

आणि फ्लॅट (धूळ आणि कडांचा काळोख काढण्यासाठीचे एकसारख्या उजेडाचे फोटो) नवीन घ्या, कॉलर फिरवली की जुने चालत नाहीत. रात्री मेरिडियन फ्लिप झाला (मध्यान्हरेषा ओलांडताना माउंटने दुर्बीण दुसऱ्या बाजूला उलटवली) तर मात्र तेच चालतील, कारण नळीच्या तुलनेत कॅमेरा हललेला नसतो.