कॅलिफोर्निया, 2023: दुष्काळातून आत्ता बाहेर पडतोय, मग धरणातलं पाणी सोडायचंच कशाला?

खाडीकर (सॅन होजे)
2020 ते 22, नोंदी सुरू झाल्यापासूनची कॅलिफोर्नियातली सगळ्यात कोरडी तीन वर्षं. लॉन उपटून टाकलं, शॉवरचं पाणी गरम होईपर्यंत खाली बादली लावायची आणि ते कढीपत्त्याला घालायचं असे दिवस काढले. आता डिसेंबर 2022-जानेवारी 2023 मध्ये तीन आठवड्यांत लागोपाठ नऊ अ‍ॅटमॉस्फेरिक रिव्हर (समुद्रावरून येणारे बाष्पाचे लांब पट्टे, धो धो पाऊस पाडणारे), आणि लगेच लोक म्हणतायत पुरासाठी धरणात जागा करा. 2012 च्या डिसेंबरात उत्तरेकडच्या लेक मेंडोसिनो धरणाचं पाणी असंच, हिवाळ्यात पुरासाठी जागा ठेवायच्या नियमावर बोट ठेवून सोडलं, 2013 कोरडं गेलं, 2014 ला तळाला भेगा. हातचं पाणी घालवू नका, एवढंच म्हणणं आहे.

कृष्णाकाठची
अजिबात पटलं नाही. मी सांगलीची. 2019 च्या ऑगस्टात कोयना भरत आली, वरून पाऊस थांबेना, मग सोडण्याशिवाय इलाजच उरला नाही आणि आमच्या माहेरच्या माळ्यापर्यंत पाणी. इथेही 2017 आठवा की, पाच वर्षं दुष्काळ आणि त्याच हिवाळ्यात सॅन होजेजवळचं अँडरसन धरण सांडव्यावरून वाहिलं, 21 फेब्रुवारीला त्याखालची कायोटी क्रीक ही छोटी नदी शहरातल्या वस्तीत शिरली, 14 हजार लोक घराबाहेर. मैत्रिणीकडे आवरायला गेले होते, फ्रिज उताणा आणि कणकेच्या डब्यात गाळ. त्याच महिन्यात उत्तरेकडच्या ओरोविल धरणाखालचे 1 लाख 88 हजार लोक हलवले ते वेगळंच.

खाडीकर
ओरोविलला सांडव्याचं काँक्रीट उखडलं होतं, ती देखभालीची चूक. साठवणीवर कशाला ढकलता?

कृष्णाकाठची
उखडलं म्हणून विसर्ग कमी केला, तर धरण काठोकाठ भरून आपत्कालीन सांडवा पहिल्यांदाच वाहिला आणि खालची माती धुपायला लागली. धरणात जागा असती तर ही वेळ आली असती का?

बदामवाला (फ्रेस्नो)
तुम्ही दोघं धरणावरच अडकलाय. आमच्याकडे बोअर मारून मारून जमीनच खचलीय. हिवाळ्यात बदामाला पान नसतं, तेव्हा पुराचं पाणी बागेत सोडून जिरवता येतं, जमीन वाळूची असेल तर भराभर मुरतं. आणि मेंडोसिनोला आता पावसाचा अंदाज बघून किती ठेवायचं ते ठरवतात, नुसती तारीख बघून नाही.

खाडीकर
हे मान्य. पण अंदाज चुकला तर?

कृष्णाकाठची
तर क्रीककाठच्या तळमजल्यावाल्यांना आधी फोन जायला हवा. 2017 ला मैत्रिणीला कळलं ते पाणी दारात आल्यावर.