मदत हवी आहे: बेसॉल्टच्या जिओकेमिस्ट्रीचा डेटा रिपॉझिटरीत कसा द्यायचा?

कातळवेडी

नमस्कार मंडळी. पेपर अगदी दारात येऊन अडकलाय. काम आहे आंबेनळी घाटातल्या बेसॉल्टच्या थरांवर, म्हणजे महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना रस्त्याच्या कडेला जे दिसतात तेच. साठेक नमुने आहेत. मुख्य ऑक्साइड एक्सआरएफ यंत्रावर, सूक्ष्म मूलद्रव्यं आयसीपी-एमएस यंत्रावर आणि काही निवडक नमुन्यांचं स्ट्रॉन्शियमचं आयसोटोप गुणोत्तर. परीक्षकांनी फारसं छळलं नाही, पण संपादकांचं पत्र आलंय. 'डेटा विनंतीवरून मिळेल' हे वाक्य चालणार नाही, पुरवणीतलं टेबलही पुरणार नाही. विषयाच्या रिपॉझिटरीत (ऑनलाइन डेटा-भांडारात) ठेवा, डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) घ्या, मग बोलू.

आमचे सर म्हणतात, "पेपराच्या शेवटी टेबल दिलं की झालं, हे नवीन खूळ कुठून आलं?" त्यामुळे विचारायला घरात कुणी नाही.

अडचणी अशा: अर्थकेम, पँगिया, झेनोडो यांपैकी कुठे द्यावं? पेपर यायच्या आधीच डेटा सगळ्यांना दिसेल का? यातले वीसेक नमुने आमच्या एका सीनियरने गोळा केले होते, तो आता आयटीत आहे. त्याचं नाव कुठे घालायचं? आणि अक्षांश-रेखांश परदेशी सर्व्हरवर ठेवायला परवानगी लागते का? विभागात यावर प्रत्येकाचं वेगळं मत आहे.

घाटमाथा

खडकांची जिओकेमिस्ट्री असेल तर डोळे मिटून अर्थकेम लायब्ररी. पैसे लागत नाहीत आणि माणूस बसून फाइल तपासतो. पँगियाही उत्तम (ब्रेमेनची मंडळी, समुद्रतळाच्या गाभ्यांच्या डेटासाठी तर पहिलं नाव तेच), पण तिथे संपादक प्रत्येक रकाना बघतात, वेळ लागतो. तुला घाई दिसतेय.

झेनोडो वाईट नाही. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचं आहे, 2013 पासून चालू आहे, डीओआय आधीच राखून ठेवता येतो. पण तिथे काय टाकलंस हे कुणी विचारत नाही, आणि तोच त्याचा दोष. उद्या कुणाला दख्खनचे सगळे स्ट्रॉन्शियमचे आकडे एकत्र काढायचे असतील, तर झेनोडोवरच्या 'फायनल_टेबल_नवीन' नावाच्या फाइलमध्ये ते कोण शोधणार?

अर्थकेमवर प्रसिद्धीची तारीख पुढची मागता येते. आधी ओर्किड (संशोधकाचा ओळख-क्रमांक) काढून ठेव, नसेल तर. सीनियरचं नाव डेटासेटच्या लेखकांत घाल. पेपराची लेखकयादी आणि डेटासेटची यादी एकच असायला हवी असं कुठेही लिहिलेलं नाही. लेखक म्हणून घालायचं नसेल तर डीओआयच्या नोंदीत 'डेटा गोळा करणारा' अशी वेगळी भूमिका असते. त्याला फोन करून विचार मात्र. आयटीत गेला म्हणून दगड विसरला असेल असं नाही.

सह्यकडा

आपले दगड, आपली जनता कर भरणार, आणि डेटा अमेरिकेत. भूकोश पोर्टल आहे ना जीएसआयचं, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं?

घाटमाथा

@सह्यकडा, भूकोशवर जीएसआयचा स्वतःचा डेटा असतो. विद्यार्थिनीने तिथे आपलं टेबल चढवून डीओआय घ्यायची ती जागा नाही. खुल्या डेटाचं सरकारी धोरण 2012 चं आहे, तत्त्व छान आहे. पण ही जर्नलची मुदत धोरणाने निभत नाही.

नकाशेवाला

अक्षांश-रेखांशाबद्दल. केंद्र सरकारची 15 फेब्रुवारी 2021 ची नकाशे-डेटाची मार्गदर्शक तत्त्वं वाच. भारतीय संस्थांना आता त्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागत नाही. आडव्या दिशेत 1 मीटर आणि उभ्या दिशेत 3 मीटर यांहून बारीक अचूकतेचा डेटा असेल तर तो देशात ठेवण्याची अट येते. हातातल्या जीपीएसला तेवढी अचूकता कुठून येणार? बिनधास्त दे. संवेदनशील ठिकाणांच्या गोष्टी वेगळ्या, घाटातला रस्ता त्यात बसत नाही.

खरी भीती दुसरीच आहे. टेम्प्लेटमध्ये दशांश अंश मागतात. वहीत 17°55' आणि 73°40' असेल आणि कुणी 17.55, 73.40 असं भरलं, तर महाबळेश्वरचा नमुना थेट चिपळूणच्या पश्चिमेला जातो. उंचीच्या रकान्यात मात्र तेराशे मीटर. कोकणात! मी एका छापील पेपरात हे पाहिलंय, नाव सांगत नाही. तुझे आकडे 17.917 आणि 73.667 असे यायला हवेत. सीनियरचे जुने नमुने टोपोशीटवरून घेतलेले असतील तर तेही बघ. जुन्या शीट एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणित) आहेत आणि रिपॉझिटरीला जीपीएसवालं डब्ल्यूजीएस 84 हवं असतं.

कातळवेडी

बापरे. सीनियरची वही खरंच अंश-मिनिटांत आहे. आज रात्री तेच काम.

टेम्प्लेट उतरवून घेतलं. नमुने, डेटा, पद्धत, संदर्भ पदार्थ अशा शीट आहेत. शेवटच्या दोन्हींत नक्की काय भरायचं? माझ्याकडे प्रयोगशाळेने पाठवलेली एकच एक्सेल आहे, फक्त आकडे.

मॅग्मा_काका

आता मुद्द्यावर आलीस. आकडे कुणीही देतं. ते किती खरे मानायचे हे या दोन शीटवरून ठरतं, आणि तपासणारा माणूस इथेच फाइल परत पाठवतो.

तुझ्या नमुन्यांबरोबर त्याच रनमध्ये बीएचव्हीओ-2 किंवा बीसीआर-2 हा संदर्भ पदार्थ, म्हणजे आकडे आधीच ठाऊक असलेला दगड, लावला असणार. पहिला हवाईचा बेसॉल्ट, दुसरा कोलंबिया नदीचा, दोन्ही यूएसजीएसचे, म्हणजे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे. त्यांचे मोजलेले आकडे आणि मान्य आकडे दोन्ही द्यायचे. स्ट्रॉन्शियमसाठी एसआरएम 987 या प्रमाण पदार्थाचा आकडा हवाच. तो 0.71025 च्या आसपास येतो. तुझ्या प्रयोगशाळेत 0.71023 आला असेल तर दुसऱ्याला आपले आकडे तुझ्याशी जुळवून घेता येतात. हा आकडाच दिला नसेल तर चौथ्या-पाचव्या दशांशावरची तुलना विसरायची, आणि थर आंबेनळी गटातला की पोलादपूर गटातला हे ठरवताना तू याच गुणोत्तरांवर भिस्त ठेवणार आहेस.

दुसरं, मोजलेलं गुणोत्तर दे. फक्त दख्खनचं वय धरून 66 दशलक्ष वर्षांपूर्वीचं काढलेलं देऊ नकोस. जुन्या पेपरांत 65 धरलेलं सापडतं, रुबिडियमचा क्षय-स्थिरांकही मधल्या काळात बदलला. मोजलेला आकडा आणि रुबिडियम-स्ट्रॉन्शियम असेल तर ज्याला जे वय हवं ते घेऊन तो गणित करेल.

लोह कोणत्या रूपात दिलंय ते रकान्याच्या मथळ्यात लिही. सगळं फेरिक ऑक्साइड म्हणून की सगळं फेरस म्हणून? यात दहा टक्क्यांचा फरक पडतो आणि मॅग्नेशियम क्रमांक (मॅग्नेशियम आणि लोहाचं प्रमाण) हलतो. बेरीज शंभरावर आणली असेल तर तेही सांग, एलओआय (तापवल्यावर घटणारं वजन) वेगळा दे. जिथे मूलद्रव्य यंत्राच्या मर्यादेखाली गेलं तिथे शून्य टाकू नकोस. शून्य म्हणजे 'नाही', आणि तू ते सिद्ध केलेलं नाहीस. मर्यादा किती होती ते पद्धतीच्या शीटवर लिही.

चांद्रधूळ

वाचून असूया वाटली. तुमचं एक्सेलवर भागतंय! मी चंद्राच्या वर्णपटांवर काम करते. चांद्रयानचा मूळ डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवरून मिळतो, पण तिथून फक्त घेता येतं. माझ्यासारखीने काढलेले नकाशे तिथे देता येत नाहीत. नासाच्या पीडीएसकडे (ग्रहांच्या डेटाचं भांडार) जायचं तर पीडीएस4 नमुन्यात प्रत्येक फाइलला एक्सएमएल लेबल. एक स्वल्पविराम चुकला की तपासणीचा प्रोग्राम लालेलाल. शेवटी मी झेनोडोला शरण गेले.

मॅग्मा_काका

नमुन्यांना आयजीएसएनही (नमुन्याचा जागतिक ओळख-क्रमांक) घे, सेसार या नोंदणीच्या संकेतस्थळावर यादी एकदम चढवता येते. तुझा दगड कपाटात आहे तोवर त्याची ओळख तुला असते, नंतर फक्त क्रमांकाला. तुझ्या नमुन्यांची नावं काय आहेत?

कातळवेडी

डेक्कनवरून डीईसी-1, डीईसी-2 अशी.

नकाशेवाला

मग आत्ताच्या आत्ता फाइल उघडून बघ. एक्सेलला डीईसी-7 म्हणजे 7 डिसेंबर वाटतं. याच दुखण्यापायी 2020 मध्ये काही मानवी जनुकांची नावं बदलली. सप्टेंबर, मार्चसारखी वाचली जात होती.

कातळवेडी

1 पासून 31 पर्यंत सगळे डिसेंबरात गेलेत 😭 32 पासून पुढचेही वाचले नाहीत, तिथे आकड्याला वर्ष समजून डिसेंबरच केलाय. रकाना 'टेक्स्ट' करून नावं पुन्हा टाकतेय. प्रयोगशाळेला फोन केला तर उत्तर, "रनशीट कुणी मागत नाही." तरी मेल टाकलाय.

मॅग्मा_काका

मेलमध्ये रनची तारीख घाल आणि सरळ बीएचव्हीओ-2 आणि एसआरएम 987 चे आकडे माग. 'रनशीट' म्हटलं की त्यांना वाटतं ऑडिट आलं. ते आकडे येईपर्यंत सबमिट दाबू नकोस. संपादकांना दोन ओळी लिही की डेटा अर्थकेमकडे देतेय, डीओआय मिळताच कळवते. मुदत वाढवून देतात.