हद्दवाढ, समावेश, विलीनीकरण: नेमका शब्द कोणता?

विचारणा

महापालिकेच्या हद्दवाढीची प्रारूप अधिसूचना निघाली की एकाच गावाबद्दल ‘समावेश’, ‘विलीनीकरण’ आणि ‘सामीलीकरण’ असे तिन्ही शब्द एकाच बातमीत वाचायला मिळतात. गावात तर लोक सरळ ‘जमीन महापालिकेत गेली’ म्हणतात. हरकतीचा अर्ज लिहायचा झाला, तर यातला कोणता शब्द धरावा?

प्रतिसाद

आधी ‘जमीन गेली’ हा शब्दप्रयोग सोडा, कारण सगळा घोळ तिथेच होतो. हद्दवाढीत मालकी बदलत नाही, कारभार बदलतो. मालकी जाते ती ‘संपादना’त आणि त्याचा कायदा निराळा आहे. विकास आराखड्यात ‘आरक्षण’ पडलं तरीही जमीन ताब्यात घेतली जाईपर्यंत सातबाऱ्यावर मूळ मालकाचंच नाव राहतं. भीतीपोटी घाईने जमिनी विकल्या जातात, त्यामागे बऱ्याचदा ही गल्लत असते. म्हणून हा नुसता शुद्धलेखनाचा प्रश्न मानू नका.

बदल कुठे दिसतो? ग्रामपंचायतीच्या ‘नमुना ८’मध्ये. तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा. गाव हद्दीत आलं की ग्रामपंचायत संपते, तिचं दप्तर महापालिकेकडे जातं आणि पुढची आकारणी मिळकतकराची होते. तलाठ्याकडचे सातबारा आणि ‘आठ-अ’ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) मात्र पूर्वीसारखेच निघतात. ‘नमुना ८’ आणि ‘आठ-अ’ हे दोन वेगळे कागद आहेत, एक ग्रामपंचायतीचा, दुसरा महसूल खात्याचा. नावातल्या साम्यामुळे ‘आता आठ-अ बंद होणार’ अशी हूल उठते, तसं काही नसतं. तालुका आणि जिल्हाही बदलत नाही.

आता तुमचे तीन शब्द. ‘सामीलीकरण’ आणि ‘विलीनीकरण’ हे संस्थानांच्या काळातले जड शब्द आहेत. कोल्हापूर संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालं, तिथे एक सत्ताच दुसरीत मिसळली. दोन नगरपालिका मिळून एक होणार असतील तर ‘विलीनीकरण’ चालेल. गाव शहराच्या हद्दीत घेण्याला ‘समावेश’ हाच नेमका शब्द. काही कोशांत याच अर्थाच्या आसपास ‘खालसा करणे’ सापडेल, पण तो इथे अजिबात वापरू नये. १८४८ साली साताऱ्याचं राज्य खालसा झालं. त्या शब्दात जप्ती आहे.

प्रतिसाद

‘हद्द’ अरबीतून फारसीमार्गे आला. आपला जुना शब्द ‘शीव’, आणि शिवेच्या आतलं ते ‘शिवार’. मुंबईतलं शीव हे मुंबई बेटाच्या टोकाला, साष्टी बेटाच्या सीमेवर होतं. शहराची हद्द १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. नाव मात्र शीवच राहिलं. ‘बृहन्मुंबई’ या नावातही तीच हद्दवाढ आहे.

विचारणा करणाऱ्यांचा प्रतिप्रश्न

हे पटलं. पण मग ‘हद्दवाढ’ हा शब्द तरी बरोबर आहे का? गावाच्या बाजूने पाहिलं तर काय वाढतं?

प्रतिसाद

खरं आहे, तो शहराच्या बाजूने बोललेला शब्द आहे. कायदा तसं बोलत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ नुसार राज्य सरकार महापालिकेशी विचारविनिमय करून, राजपत्रात अधिसूचना काढून हद्द बदलू शकतं. त्यात क्षेत्र समाविष्ट करणं जसं येतं, तसं ‘वगळणं’ही येतं. कल्याण-डोंबिवलीची २७ गावं १९८३ साली आत आली, २००२ साली वगळली गेली आणि २०१५ साली पुन्हा आत आली. पुण्यात १९९७ साली ३८ गावं घेतली, त्यातली काही पुढे वगळली. नंतर २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं आली. २०१७ साली आत आलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं २०२४ साली बाहेर पडून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. याला ‘हद्दवाढ’ कसं म्हणणार? ‘हद्दबदल’ जास्त खरा.

याच कलमात मला एक गोष्ट बोचते. सल्ला घ्यायचा तो महापालिकेचा. ज्या गावाची ग्रामपंचायत संपणार, त्या गावच्या ग्रामसभेची संमती ही अट नाही. तिच्या वाट्याला येतात त्या फक्त प्रारूप अधिसूचनेवरच्या ‘हरकती व सूचना’. संमतीची अट घालता येत नाही असंही नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने २०१७ आणि २०१९ साली कायदे बदलले आणि तिथल्या शहरांना रहिवाशांच्या किंवा जमीनमालकांच्या मंजुरीशिवाय आसपासचा भाग ओढून घेणं जवळजवळ बंद केलं. आपल्याकडे ‘संमती’ आणि ‘हरकत’ यांतलं अंतर अजून कायम आहे. त्यामुळे अर्जात ‘आमची संमती नाही’ एवढंच लिहून भागत नाही. पाणी, कचरा, रस्ते, कर, शेतीखालचं क्षेत्र अशी कारणं मुद्देसूद द्या.

आणि अर्ज लिहिण्याआधी अधिसूचनेची अनुसूची, म्हणजे सोबत जोडलेली यादी, नीट वाचा. तिथे पूर्ण गाव दिलं आहे की ठरावीक गट क्रमांक, ते पाहा. गाव ‘अंशतः’ समाविष्ट होणार असेल तर उरलेल्या भागात ग्रामपंचायत राहते. अशा वेळी ‘गावाचा समावेश’ असं न लिहिता ‘गावातील गट क्रमांक अमुक ते तमुक यांचा समावेश’ असंच लिहा.