मदत हवी आहे: आजोबांचे वेब्ली पिस्तूल ठेवावे की विकावे?

नमस्कार. मी आर्वी तालुक्यात शेती करतो आणि गेली चार वर्षे महिन्यातून दोनदा नागपूरला जाऊन १० मीटर एअर पिस्तुलाचा सराव करतो. स्पर्धेचे वय राहिलेले नाही, हा निव्वळ छंद आहे. (सेवाग्रामच्या जिल्ह्यात राहून पिस्तुलाविषयी लिहिताना जरा अवघडल्यासारखे होते; पण कागदावरच्या काळ्या वर्तुळापलीकडे माझा नेम जात नाही.)

आजोबांपासून आमच्या घरी वेब्ली अँड स्कॉटचे .३२ बोअरचे अर्धस्वयंचलित पिस्तूल आहे. हा १९०८ सालचा नमुना असून एके काळी लंडनच्या पोलिसांकडेही तो होता. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, की ते कायदेशीर वारसाच्या नावे करता येते. त्यानुसार वडिलांचे हे पिस्तूल यंदा माझ्या परवान्यावर चढले. इतकी वर्षे ते जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले असे आणि निवडणूक लागली की ठाण्यात जमा होऊन पावतीच्या बदल्यात परत येई. त्याचा एवढाच काय तो प्रवास.

प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली त्यातून पहिल्यांदा नेमबाजी केली तेव्हा गुण अगदीच बेताचे पडले. नेम धरायची पुढची माशी (नळीच्या टोकावरचा उंचवटा) इतकी बारीक आहे की चष्म्यातूनही ती शोधावी लागते, आणि जेमतेम पावणेसहाशे ग्रॅमचे हे पिस्तूल माझ्या एअर पिस्तुलापेक्षा हलके असल्याने हात अधिक थरथरतो. तरीही घरी परतताना डोक्यात तेच घोळत होते. घोडा (काडतुसावर आघात घडवणारा मागचा भाग) प्रत्येक गोळीनंतर आपोआप मागे चढलेला राहतो, त्यामुळे चाप दर वेळी तेवढाच आणि तसाच ओढावा लागतो. नळी जागची हलत नाही, फक्त स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे जाऊन पोलादावर पोलाद बसल्याचा आवाज करीत परत येते. यंत्र काय करीत आहे हे तळहाताला कळते. अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलेले कोल्ट पिस्तूल तिकडचे हौशी नेमबाज अजून का सोडत नाहीत, याचा थोडा उलगडा मला त्या दिवशी झाला. ते .४५ बोअरचे, म्हणजे आपल्याकडे निषिद्ध. आपण चित्रेच पाहायची.

पाचव्या गोळीनंतर मात्र स्लाइड पूर्ण पुढे न येता अडकली. प्रशिक्षकांनी तिथेच सराव थांबवला. उघडून पाहिले तर आत वर्षानुवर्षांचे तेल गोंदासारखे घट्ट झाले होते. दोष बनावटीचा नव्हे, आमच्या हेळसांडीचा. या नमुन्यात स्लाइड पुढे ढकलणारी स्प्रिंग नेहमीसारखी वेटोळी नसून उजव्या बाजूच्या मुठीच्या पट्टीखाली दुबेळक्याच्या आकाराची पोलादी पट्टी असते. स्वच्छ केल्यावरही ती मला सैल वाटते.

एक मित्र म्हणतात, हे विकून आयुधनिर्माणीचे नवे ‘अशनी’ पिस्तूल घ्यावे. दोन्ही ठेवता येणार नाहीत, कारण २०१९ च्या दुरुस्तीपासून एका व्यक्तीला दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि रानडुकरांपासून तूर वाचवण्यासाठी घेतलेली बारा बोअरची बंदूक मी सोडू शकत नाही. विदेशी शस्त्रांची आयात सर्वसामान्यांसाठी जवळजवळ थांबल्यापासून जुन्या वेब्लीला किंमतही बरी येते. पण एकदा विकले की असे पिस्तूल पुन्हा माझ्या हाती लागणे अवघड.

जाणकारांना विनंती आहे की पुढील बाबतीत अनुभव सांगावा. अशी पट्टीची स्प्रिंग परवानाधारक कारागीर भरवशाने घडवून देतात का, आणि तशी बसवल्यावर नियमित सराव सुरक्षित राहतो का? .३२ पिस्तुलाची काडतुसे (रिव्हॉल्व्हरची नव्हेत, दुकानात हा घोटाळा हटकून होतो) विदर्भात वर्षभर मिळतात का? आणि ज्यांनी जुने पिस्तूल विकून नवे घेतले, त्यांना वर्षभरानंतर काय वाटले? मला खरे तर या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वात आधी हवे आहे, कारण गिऱ्हाईक पोळ्यानंतर येणार आहे.