अफगाण स्त्रियांसाठी पैसे द्यायचे, तर काबूलला की क्वीन्सला?

चाफेकळी:

आमच्या न्यू जर्सीच्या मंडळाकडे दिवाळीच्या कार्यक्रमातले थोडे पैसे उरलेत. ते अफगाण स्त्रियांसाठी द्यायचे यावर एकमत झालं आणि तिथेच एकमत संपलं. निम्मे म्हणतात, पैसा अफगाणिस्तानातच जावा. मला वाटतं, देश सोडून आलेल्या बायकांच्या केंद्रांना आणि त्यांच्यासाठी दबाव आणणाऱ्यांना द्यावा.

'विमेन फॉर अफगाण विमेन' ही संस्था न्यूयॉर्कमध्ये एप्रिल २००१ मध्ये सुरू झाली, म्हणजे जुळे मनोरे पडायच्या आधीच. संस्थापकांपैकी सुनीता विश्वनाथ भारतीय वंशाच्या. संस्थेने अफगाणिस्तानात निवारागृहं चालवली, जोडीला कुटुंब सल्ला केंद्रं. मारहाण, बालविवाह, दोन घराण्यांतलं वैर मिटवायला 'बाद' म्हणून देऊन टाकलेल्या मुली, अशी प्रकरणं तिथे यायची. तालिबान नव्हते तेव्हाही घरातून पळालेली बाई गुन्हेगारच ठरायची. ह्यूमन राइट्स वॉचच्या २०१२ च्या अहवालात अशा 'नैतिक गुन्ह्यां'साठी कोठडीत असलेल्या बायका-मुली सुमारे ४०० होत्या. निवारागृहामुळे निदान तुरुंग टळायचा.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आले आणि सगळं बंद. सरकारी पाठबळाची २३ केंद्रं होती, तीही गेली. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात तालिबानी अधिकाऱ्यांचं म्हणणं आहे की ही पाश्चात्त्य कल्पना आहे, बाईने नवऱ्याजवळ किंवा घरातल्या पुरुषांजवळ राहावं. घरात पुरुष नसेल, किंवा त्याचीच भीती असेल, तर 'संरक्षणासाठी' तुरुंग.

मग आत निवारा बांधणार कसा? न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या याच संस्थेच्या केंद्रात मात्र आज इंग्रजीचे वर्ग चालतात, कागदपत्रांना मदत मिळते, आणि घरातल्या मारहाणीची प्रकरणंही हाताळली जातात. देश सोडला म्हणून नवऱ्याचा हात थांबत नाही. त्यात अमेरिकेने अफगाणांना दिलेलं तात्पुरतं संरक्षण जुलै २०२५ मध्ये संपवलं. वकील आत्ता हवेत.

भीमथडी:

सपशेल असहमत. बाहेर पडू शकलेल्या थोड्यांची सोय बघायची आणि आतल्या दोन कोटींना वाऱ्यावर सोडायचं?

३१ ऑगस्ट २०२५ चा कुनारचा भूकंप आठवा. दोन हजारांहून अधिक माणसं गेली. परपुरुषाने बाईला हात लावायचा नाही, म्हणून ढिगाऱ्यातल्या बायका मागे राहिल्याच्या बातम्या आल्या. तिथे हव्या होत्या डॉक्टर बायका, नर्सबाया. डिसेंबर २०२४ पासून मुलींचं सुईणीचं आणि नर्सिंगचं शिक्षणही बंद आहे. म्हणजे शिकून तयार झालेल्या आहेत तेवढ्याच, नवी भर नाही. त्यांचा पगार बाहेरच्या पैशावर चालतो. तो थांबला की ती घरी बसली, आणि तिच्या भागातली बाळंतीण देवाच्या भरवशावर.

राहिला दबाव. जुलै २०२५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानचे सर्वोच्च नेते अखुंदजादा आणि त्यांचे मुख्य न्यायाधीश हक्कानी यांच्यावर अटक वॉरंट काढलं. त्याच महिन्यात रशियाने तालिबान सरकारला मान्यता दिली. कंदाहारात बसलेल्या माणसाला हेगचा कागद काय करणार?

ताकपिठं:

आपल्याकडच्या बायकांचे प्रश्न संपले वाटतं.

चाफेकळी:

ताकपिठं, हा प्रतिसाद प्रत्येक धाग्यावर येतो. हजेरी लागली. पुढे.

पेठकरी:

दोघांनाही विचारतो. बाहेरच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संस्था एका आठवड्यात का कोसळल्या? कारण समाजाने त्या आपल्या मानल्याच नव्हत्या. २०११ मध्ये तेव्हाचे अफगाण अध्यक्ष करझाई यांच्या सरकारलाच निवारागृहं ताब्यात घ्यायची होती. २०१२ मध्ये न्यायमंत्र्यांनी त्यांना अनैतिकतेचे अड्डे म्हटलं आणि मग माफी मागावी लागली. हे तालिबानी नव्हते हो, पाश्चात्त्यांच्या पाठिंब्याने निवडून आलेलं सरकार होतं.

रेवती_के:

पेठकरी, पेठेतल्याच गोष्टी विसरलात? जोतिबा-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा गाव काय बोललं असेल? पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ मध्ये उघडलं, ते बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर. पैसा परका होता, विधवा इथल्याच होत्या. आणि काबूलच्या निवारागृहांतल्या कार्यकर्त्याही अफगाण बायकाच होत्या. वस्तीतल्या वडीलधाऱ्यांसमोर बसून तडजोडी त्याच घडवायच्या. कोसळल्या त्या बंदुकीपुढे. बंदुकीपुढे तर सैन्यही टिकलं नाही.

पेठकरी:

शारदा सदनाचंच घ्या. धर्मांतराचा संशय आला आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये इथल्याच लोकांकडून वर्गणी काढून आश्रम उभा केला. तो टिकला.

रेवती_के:

आणि कर्व्यांच्या आनंदीबाई कुठे शिकल्या? शारदा सदनात!

चाफेकळी:

रेवती :)

भीमथडी, हेगच्या कागदाने कंदाहार हलणार नाही, मान्य. पण ज्यांना तालिबानशी व्यवहार करायचाय ते हलतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी दिल्लीत आले, पहिल्या पत्रकार परिषदेत एकही बाई नव्हती. बोंबाबोंब झाली आणि दोन दिवसांत दुसरी परिषद घ्यावी लागली, पत्रकार बायकांसकट.

भीमथडी:

त्या दिल्लीच्या पत्रकार होत्या. काबूलच्या पत्रकार बाईला त्यातून काय मिळालं?

दबावच आणायचा तर आपल्या सरकारवर आणा. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने अफगाणांना आधी दिलेले व्हिसा सरसकट रद्द केले. पुण्यात वर्षानुवर्षं अफगाण विद्यार्थी शिकायला येतात. सुट्टीत घरी गेलेल्या कितीतरी जणी तिकडेच अडकल्या. काबूलमध्ये विद्यापीठं मुलींना डिसेंबर २०२२ पासून बंद, आणि तेव्हा इकडे आपलाही दरवाजा बंद होता. आपण १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे दिल्लीत भोगल-लाजपतनगरला राहणाऱ्या अफगाण बायकांना निर्वासित म्हणून कायद्याचा आधारही नाही.

चाफेकळी:

हे तर माझ्याच बाजूचं झालं! दिल्लीतल्या त्या बायकाही देश सोडूनच आल्यात ना?

भीमथडी:

व्हिसासाठी पत्रं लिहायला पैसे लागत नाहीत. पैसे सुईणींच्या पगाराला. आरोग्यसेवेतल्या बायकांच्या कामावर तालिबानने सरसकट बंदी घातलेली नाही, ती फट आहे तोवर वापरा.

चाफेकळी:

मंडळाची बैठक रविवारी आहे. पगार थेट हातात पोचवते आणि अमेरिकेतल्या देणगीदाराला हिशोब देते अशी संस्था तोवर सुचवा. बैठकीत मी विरोधातच बोलणार, पण प्रस्ताव मतदानाला नक्की ठेवते.