‘अंधाधुन’: ससा, सोंग आणि मध्यंतरानंतरचा पाऊण तास (शेवट उघड केला आहे)

प्रति: सर्व सभासद
विषय: शनिवारचा सिनेमा

नमस्कार मंडळी,

शनिवारी ‘अंधाधुन’ संपल्यावर खुर्च्या आवरता आवरता जे बोलणं सुरू झालं, ते पार्किंगमध्येही संपेना. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी कृपया पुढे वाचू नका, मी शेवटासकट सगळं सांगणार आहे.

पहिला तास हा मी हिंदीत पाहिलेल्या नॉयरपटांतला, म्हणजे गुन्ह्याच्या काळोख्या सिनेमांतला, सर्वोत्तम तास आहे. आणि मध्यंतरानंतरचा पाऊण तास त्या पहिल्या तासाशी दगा करतो. दोन्ही वाक्यं मी तितक्याच जोराने म्हणतोय.

नॉयर म्हटलं की आपल्याला पाऊस, ओले रस्ते, धूर आणि पिस्तूल आठवतं. ‘अंधाधुन’मधले खून पुण्यात, लख्ख उजेडात, नीटनेटक्या सोसायटीत होतात. अंधार बाहेर कुठेच नाही, तो माणसाने स्वतःहून पत्करलाय. माझ्या मते नॉयरचं मर्म तेच. नायक निरागस नसतो. तो एक छोटासा लबाडपणा करतो, आपल्याला अगदी माफ करण्याजोगा वाटेल असा, आणि मग पाय खोलात जातो. आकाश हा पियानोवादक आंधळ्याचं सोंग घेतो. का, तर म्हणे संगीतासाठी, एकाग्रतेसाठी, तो एक प्रयोग आहे. पण त्या सोंगामुळे लोक त्याला जपतात, घरात घेतात, त्याचं कौतुक करतात, आणि तेही त्याला गोड लागतं. आयुष्मान खुराना हे गोड लागणं चेहऱ्यावर इतकं बारीक ठेवतो की आपणही त्याच्या लबाडीत सामील होतो.

मग तो सिन्हा या जुन्या नटाच्या फ्लॅटमध्ये पियानो वाजवायला जातो. प्रेत पडलंय, बायको समोर उभी आहे, बाथरूममध्ये पिस्तूलवाला आहे, आणि याला सगळं दिसतंय. ओरडला तर मेला, पळाला तरी मेला. म्हणून तो पियानो वाजवत राहतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते दोघं खाणाखुणांनी बोलत प्रेत बॅगेत कोंबतात. संवाद जवळजवळ नाहीतच. पूजा लढा सुरती या सिनेमाच्या संकलक आहेत आणि पटकथेतही त्यांचा हात आहे. त्या प्रसंगात लिहिणं कुठे संपलं आणि कापणं कुठे सुरू झालं हे मला सांगता येत नाही, एवढं ते एकजीव आहे.

मूळ कल्पना ‘लाकोर्दर’ या 2010च्या फ्रेंच लघुपटाची. पंधरा मिनिटांच्या आतला तो लघुपट आंधळा समजला गेलेला माणूस वाजवत असताना पुढे काय होणार ते न सांगताच थांबतो. दिग्दर्शक श्रीराम राघवन यांचं धाडस हे की त्यांनी त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं ठरवलं. आकाश पोलिसांत जातो तर पिस्तूलवालाच तिथला इन्स्पेक्टर निघतो. इथपर्यंत प्रत्येक फास त्याच्या खोटेपणातूनच विणलेला आहे. तो खोटा आंधळा आहे म्हणून त्याला खून दिसला, आणि खोटा आंधळा आहे म्हणूनच त्याला तो सांगता येत नाही.

आणि मग येते अवयव चोरणारी टोळी. आकाश पळताना आपटून बेशुद्ध पडतो आणि त्यांच्या हाती लागतो. माझी तक्रार नेमकी इथे आहे. त्या रस्त्यावर दुसरा कुणी बेशुद्ध पडला असता तरी त्याचीही तीच गत झाली असती. आकाशच्या सोंगाशी या वळणाचा काहीच संबंध नाही. पुढे खंडणी, अपहरण, एकमेकांना फसवणं, लिफ्टमध्ये अडकून स्वतःच्याच गोळीने मरणारा इन्स्पेक्टर. घटना वाढतात तसा फास सैल होतो. छाया कदम यांनी लॉटरी विकणारी मावशी इतकी खरी उभी केलीय की ती पडद्यावर असेपर्यंत हे जाणवत नाही, पण घरी आल्यावर जाणवतंच. राधिका आपटेची सोफी, आकाशची मैत्रीण, तर मधल्या भागात जवळपास हरवतेच.

तुमचं मत कळवा. मला खरंच जाणून घ्यायचंय.

अ. गो.

———

विषय: उत्तर: शनिवारचा सिनेमा

अ. गो.,

तुझा मेल दोनदा वाचला. पहिल्या तासाबद्दल तुझा शब्द न् शब्द मान्य. पण एवढ्या मोठ्या मेलमध्ये सिमीबद्दल एक ओळ? “बायको समोर उभी आहे”? अरे, तो सिनेमा तब्बूचा आहे.

तिच्याकडे पुन्हा बघ. पहिला खून तिने आधी ठरवलेला नाही. नवरा लग्नाच्या वाढदिवशी तिला चकित करायला अचानक घरी येतो आणि सगळं उघडं पडतं. तिथून पुढे ती जे करते, ते सांडलेलं निपटून काढल्यासारखं करते. दारात कोण उभंय, शेजारीण काय बघतेय, कुणाला काय दिसलं असेल, हे सगळं ती एकाच वेळी मोजत असते. शेजारच्या डिसाबाईंना ती गॅलरीतून ढकलते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नसतो, राहिलेलं काम उरकायची घाई असते. मला त्या क्षणी जेवढी भीती वाटली तेवढी त्या डॉक्टरच्या टोळीची कधीच वाटली नाही.

नॉयरमधली बाई बहुतेक वेळा पुरुषाला नादी लावून बुडवते. सिमी आकाशला मुळीच नादी लावत नाही. ती त्याला तपासते. आणि शेवटी ज्याचं सोंग त्याने घेतलं होतं तेच त्याला खरोखर देते, त्याची दृष्टीच घालवते. याहून चोख शिक्षा पटकथेत कुणी लिहिली असेल असं मला वाटत नाही.

म्हणूनच माझी तक्रार तुझ्यापेक्षा वेगळी आहे. उत्तरार्धात टोळी आली याचं मला दुःख नाही. दुःख याचं आहे की सिनेमातलं सर्वांत जागं डोकं त्यांनी आधी दोरीने बांधलं आणि मग गाडीच्या डिकीत टाकलं. तिला काय हवं होतं, त्या घरात ती कशी आली, हे सिनेमा विचारतच नाही. तब्बूने ते न लिहिलेलं स्वतःच्या जिवावर भरून काढलंय. लेखकांनी तिला थोडी मदत करायला हवी होती.

काकू

———

विषय: उत्तर: उत्तर: शनिवारचा सिनेमा

सर्वांस नमस्कार.

मी जरा उशिरा लिहितोय, कारण अनिल धवनवर अडकलो होतो.

1972 साली ‘पिया का घर’ पाहिला होता. तरुण मंडळींसाठी सांगतो, तो राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’वरून घेतलेला. त्यात अनिल धवन आणि जया भादुरी हे नवं जोडपं आणि चाळीतलं भरलेलं घर, दोघांना घटकाभर एकांत मिळत नाही. छेचाळीस वर्षांनी तोच नट ‘अंधाधुन’मध्ये एकेकाळचा हिरो म्हणून येतो, स्वतःचीच जुनी गाणी ऐकत, प्रशस्त फ्लॅटमध्ये, आणि बायकोला एक खाजगी मैफल भेट द्यायची म्हणून घरी येतो. त्या एकांतासाठीच तो येतो आणि त्यातच मरतो. राघवन यांच्या मनात हे असेल की नाही मला माहीत नाही, माझ्या मनात मात्र ते आलं आणि मला फार वाईट वाटलं. खून झालेल्या माणसाबद्दल प्रेक्षकाला वाईट वाटणं ही थरारपटात दुर्मीळ गोष्ट आहे. बहुतेकदा प्रेत म्हणजे फक्त कोड्याची सुरुवात.

आता अ. गो. यांच्या टोळीबद्दल. ती बाहेरून आली हे मला मान्य नाही. सिनेमाची पहिली ओळ काय आहे? आयुष्य म्हणजे काय, ते लिव्हरवर अवलंबून आहे. इंग्रजीत त्या शब्दाचे दोन अर्थ होतात, जगणारा आणि यकृत. म्हणजे एक पात्रही पडद्यावर यायच्या आत यकृताचा विषय निघालेला आहे. पुढे डॉक्टर सिमीचं यकृत विकायला निघतो तेव्हा ती पहिली ओळ वसूल होते. त्याच सुरुवातीला कोबीच्या शेतात पळणारा ससा, ज्याचा एक डोळा अधू आहे, शेवटी येऊन गाडीच्या काचेवर आदळतो. योगायोग आहेत, पण ते उसने आणलेले नाहीत, आधी पेरून ठेवलेले आहेत.

एक उणीव मात्र मलाही खुपते. उत्तरार्धात प्रसंगांना श्वास नाही. पहिल्या तासात एका बॅगेची चेन लावायला सिनेमा वेळ देतो आणि नंतर माणसं मरतात तरी थांबत नाही. 2018च्या राष्ट्रीय पुरस्कारांत याला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट आणि रूपांतरित पटकथा असे दोन्ही पुरस्कार मिळाले, आयुष्मानलाही विकी कौशलबरोबर अभिनयाचा मिळाला, आणि ते योग्यच झालं. तरी पटकथेच्या त्या भागाला अजून एक हात फिरायला हवा होता.

सगळ्यांचे काका

———

विषय: उत्तर: शनिवारचा सिनेमा

नमस्कार,

मी यादीवर सहसा लिहीत नाही. पण शनिवारपासून एक गोष्ट मनातून जात नाहीये.

माझ्या बाबांची दृष्टी त्यांच्या पन्नाशीत गेली, पुढची अठरा वर्षं ते त्याशिवाय जगले. त्यामुळे मी हा सिनेमा तुमच्यापेक्षा वेगळ्या जागी बसून पाहिला.

जे बरोबर आहे ते आधी. आंधळ्या माणसासमोर लोक खाणाखुणा करतात. आमच्या घरी यायचे, बाबांशी बोलता बोलता एकमेकांकडे बघून डोळे मिचकवायचे, हातवारे करायचे. त्यात सगळे दुष्ट नव्हते. त्यांना वाटायचं, यांना कुठे कळतंय. बॅगेचा तो प्रसंग पाहताना माझ्या अंगावर काटा आला, तो प्रेतामुळे नाही, त्या हातवाऱ्यांमुळे. आणि दुसरं, सोंग घेतलेला आकाश घरात किती सफाईने वावरतो आणि खरोखर दृष्टी गेल्यावर स्वतःच्याच घरात कसा चाचपडतो, हा फरक आयुष्मानने नेमका पकडलाय. पहिले काही महिने बाबा असेच होते.

आता जे चुकलं ते. सिमीला आणि त्या इन्स्पेक्टरला वाटतं की आंधळा माणूस म्हणजे एखादं कपाट. ती खुनी माणसं आहेत, त्यांना तसं वाटू दे. पण मला वाटलं, सिनेमालाही थोडं तसंच वाटतं. बाबांना खोलीत किती माणसं आहेत ते श्वासावरून कळायचं. नवीन माणूस दारात उभा राहिला तरी ते मान वळवायचे. त्या घरात खरा आंधळा गेला असता तर दोन मिनिटांत त्याला काहीतरी विपरीत आहे हे कळलं असतं. पटकथेने ही शक्यता कुठेच विचारात घेतलेली नाही. साक्षीदार व्हायला डोळेच लागतात असं ती धरून चालते.

मं.

———

विषय: उत्तर: उत्तर: शनिवारचा सिनेमा

मंडळी,

काकू, सिमीबद्दल चूक झाली, कबूल. डिकीचं तुमचं म्हणणं तर माझ्या सगळ्या मेलपेक्षा नेमकं आहे.

काका, पहिल्या ओळीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. पेरणी आहे हे मानतो. तरी माझा मुद्दा पूर्ण सोडत नाही. यकृत हा शब्द पेरला म्हणून आकाशचं त्या टोळीपर्यंत पोचणं त्याच्या स्वभावातून आलं असं होत नाही. शेवटाबद्दल मात्र मी आता तक्रार करणार नाही. शेवटी पोलंडमधल्या क्राकोमध्ये आकाश सोफीला सगळी गोष्ट सांगतो, ती म्हणते सिमीचे डोळे घ्यायला हवे होतेस, आणि बाहेर पडल्यावर तो सशाचं तोंड असलेल्या काठीने रस्त्यातला डबा अचूक उडवतो. मग डिकी, डॉक्टर, ससा यातलं खरं किती? आपण उत्तरार्धाचा शेवट पाहिला की त्याने रचलेली गोष्ट ऐकली? रचलेली असेल तर ससा त्याला हवा तेव्हाच उडी मारणार. हे मला पहिल्यांदा सुचलं नव्हतं.

मंताई, तुमचा मेल वाचून काल रात्री पियानोचा प्रसंग पुन्हा लावला आणि डोळे मिटून फक्त ऐकला. पियानो जवळजवळ सगळं झाकून टाकतो. आकाश वाजवायचं थांबत का नाही, याचं मी आजवर एकच कारण धरलं होतं, थांबला तर त्यांना संशय येईल. काल वाटलं, दुसरंही कारण असेल. थांबला तर ऐकू येईल, आणि मग ऐकलं नाही असंही सोंग त्याला घ्यावं लागेल.

अ. गो.

———

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: शनिवारचा सिनेमा

दादा,

हो, हे पटतं.

बाबा पेटी वाजवायचे. वाजवता वाजवता खोलीत कुणी आल्याची चाहूल लागली की भात्यावरचा हात थांबायचा आणि आधी प्रश्न यायचा, “कोण आहे?” उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा सूर नाही. बाथरूममधून परतलेला आकाश सरळ पियानोशी बसतो आणि वाजवायला लागतो. आमच्या घरातल्या कुणालाही तिथेच कळलं असतं की याला दिसतंय.

मं.